हल्लं का?

आमच्या घरात एका प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे. बाकी प्रश्नांना चालतं. जेवलीस का, दळण आणलं का, अभ्यास झाला का, याची उत्तरं माणसं आपल्या सोयीनं देतात आणि विचारणाराही आपल्या सोयीनं ऐकतो. पण "हल्लं का?" असं कुणी विचारलं की हातातलं काम थांबवायचं, क्षणभर गप्प राहायचं आणि जाणवलं असेल तेच बोलायचं. हाव, नाहीतर न्हाई. माझी मुलगी नांदेडात वाढली. तिच्या तोंडात एरवी स्वच्छ 'हो' असतं, पण या एका प्रश्नाला तीसुद्धा 'हाव'च म्हणते, कारण तिला ते उत्तर तसंच शिकवलं आहे.

नियम कुठून आला ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. माझं लहानपण लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात गेलं. मोठा भूकंप व्हायच्या आधी वर्षभर आमच्याकडे जमीन बारीक बारीक हलत होती. पहिल्यांदा हल्लं तेव्हा सगळं गाव चुलीवरची भांडी तशीच टाकून पटांगणात येऊन बसलं. दुसऱ्या वेळी निम्मं गाव आलं. पुढं पुढं बाया भाकरी थापताना हात थांबवायच्या, एकमेकींना "हल्लं का?" म्हणून विचारायच्या आणि परत पिठात हात घालायच्या. आज ऊन लई हाय, असं म्हणावं तसा तो प्रश्न झाला होता.

माझी एक मैत्रीण होती, वर्गात माझ्या शेजारी बसायची. तिच्या घरचे लोक घाबरट म्हणून गावात प्रसिद्ध होते, कारण गाव आत झोपायला लागलं तरी ते अंगणात बाजा टाकून झोपायचे. गणपतीच्या दिवसांत एका दुपारी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर चिंचोके खेळत होतो आणि माझा डाव चांगला रंगात आला होता. तिनं मध्येच जमिनीला तळहात लावला आणि विचारलं, "ए, हल्लं का गं?"

हल्लं होतं. माझ्या मांडीला ते स्पष्ट जाणवलं होतं. पण हाव म्हटलं असतं तर तिच्या आईनं आम्हाला बाहेर काढलं असतं आणि डाव मोडला असता. मी म्हटलं, "न्हाई. तुझं आपलं उगंच."

तिची आई दारात होती. ती हसून म्हणाली, "बघा, लेकरं बिनघोर हायती आन् आपणच भेव खाऊन राहिलो." त्या आठवड्यात त्यांनी बाजा आत घेतल्या. पाऊसही येत होता, हे खरं आहे. एका पोरीच्या शब्दावर कुणी आपलं अंथरूण हलवत नाही, हेही मला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुष्कळदा समजावलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाव गेलं. त्यांचं घर जाड दगडी भिंतींचं, वर मातीच्या जड माळवदाचं होतं. आमचं पत्र्याचं होतं म्हणून आम्ही उरलो.

नियम मी केला. तेरा वर्षांच्या पोरीचा नियम आप्पांनी मुकाट्यानं मानला, कारण मी कशासाठी रडते ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला, असं माझे यजमान म्हणतात. ते नांदेडला एका सरकारी कचेरीत आहेत आणि कुणावरही विश्वास ठेवतात. मी एका शाळेत मराठी शिकवते. मुलाचा निबंध फारच चांगला आला की मी आधी गाईड उघडून बघते. दारावर कुणी गोड बोलून वस्तू विकायला आलं की मी त्याच्या पायाकडे बघते, एक पाय आत टाकतोय का म्हणून. आमच्या स्वयंपाकघरात अजूनही फडताळात एक तांब्या, त्यावर उलटा पेला आणि त्यावर एक वाटी असा मनोरा उभा असतो. जमीन हलली की वाटी पडून आवाज होतो. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी असे मनोरे होते. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी तो तीनदा सरळ करून ठेवला आणि मी तीनदा परत रचला. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की वाटी नुसती किणकिणते आणि आम्ही तिघं एकाच वेळी विचारतो, "हल्लं का?" मग एकाच वेळी म्हणतो, "न्हाई." पाहुण्यांना आम्ही वेडे वाटतो.

तर माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे, तिला डॉक्टर व्हायचं आहे असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो.

भूकंपानंतर काही वर्षं लातूरचं नाव काढलं की परगावची माणसं हळहळायची. मग कधीतरी वारा फिरला आणि त्याच नावापुढं लोक 'पॅटर्न' हा शब्द लावायला लागले. मुखेड, जळकोट, उमरी, कुठून कुठून लोक लेकरांना घेऊन येऊ लागले. ज्या जिल्ह्यात आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पळायला शिकलो, तिथं लोक गाद्या, कुकर आणि पुस्तकांची खोकी घेऊन आत शिरत होते. बारावीनंतर मुलीला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, तेव्हा आम्हीही तेच केलं. मी वर्षभराची रजा टाकली आणि आम्ही मायलेकींनी लातूरला खोली केली. अशा आया तिथं गल्लोगल्ली आहेत. सकाळी डबा, दुपारी झोप येऊ नये म्हणून चहा, बाकी वेळ पहारा.

घरमालकीणबाईंनी मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फ्रेशर का रिपीटर?"

"रिपीटर," मी म्हटलं.

"मंग वरची खोली घ्या, मॅडम. खाली फ्रेशरच्या पोरी हायत्या, लई हसत्यात."

वर्षभर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. मुलगी क्लासला गेली की तिच्या वह्या बघायची. पेनातली रिफिल उजेडाला धरून किती शाई संपली ते बघायची, कारण वह्या दुसरीच्या असू शकतात पण शाई खोटं बोलत नाही. दर आठवड्याला परीक्षा व्हायची. दिवाळीपर्यंत मार्क बरे होते, मग घसरायला लागले. मी विचारायची, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही, आई." मी विचारायची, "झाला का अभ्यास?" ती म्हणायची, "हो, आई." इतकं शहाण्यासारखं उत्तर देणारं लेकरू कुणालाही आवडेल. मला नाही आवडलं. मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

एखादा मुलगा असेल म्हणून मी क्लासच्या दारापर्यंत मागं मागं गेले. मुलगा नव्हता. मैत्रिणींची संगत वाईट असेल म्हणावं, तर मैत्रिणीच नव्हत्या. मालकीणबाई मला जिन्यात गाठून कौतुकानं म्हणायच्या, "लई गुणाचं लेकरू हाय तुमचं. हाय का न्हाई त्याचा पत्ताच लागत न्हाई." ते कौतुक मी फोनवर नांदेडला जसंच्या तसं कळवलं.

शेवटी मला चोर सापडला. ती जेवताना मोबाईल ताटाच्या कडेला टेकवून, कानात वायर घालून वीस मिनिटं काहीतरी बघायची. जपानी कार्टून. आमच्या वेळी कार्टून म्हणजे उंदीर-मांजर असायचं आणि दहा मिनिटांत संपायचं. हे मोठ्या मुलामुलींसाठी असतं म्हणे, त्याला अॅनिमे म्हणतात आणि त्याचे भागच्या भाग असतात. त्या वीस मिनिटांत तिच्या कपाळावरची आठी जायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. जी आठी आईबापाला बघून जात नाही ती कार्टून बघून जाते, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच.

निकाल लागला. मागच्या वर्षापेक्षाही मार्क कमी होते. तिसऱ्या खेपेच्या बॅचचा फॉर्म आणून मी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. भरायला नऊ दिवस होते. यजमान फोनवर म्हणाले, "तिला विचार, तिला काय पाहिजे." मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई." मी म्हटलं, "पण तुझ्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेच." आणखी एक वर्ष तिचं आयुष्य त्या खोलीत जाणार की नाही, याचं उत्तर तिनं तोंडानं द्यायचं होतं आणि ती ताकास तूर लागू देत नव्हती.

मग मी ठरवलं की औषध नंतर, आधी रोग बघू. मी तिला सांगितलं, "ते तुझं कार्टून मला दाखव. पहिल्यापासून."

ती दचकली. "तुला नाही आवडणार, आई."

"मी आवडण्यासाठी बघतच नाही."

एकूण चोवीस भाग होते. रोज दुपारी तीन धरले तर आठ दिवसांत पुरे होत होते आणि नवव्या दिवशी फॉर्म. वायरचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या कानात. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळायची, अडलं की ती सांगायची. मी वही आणि लाल पेन घेऊन बसायची.

गोष्ट अशी. एका गावात दोन बहिणी आणि एक म्हातारा मिळून छत्र्या दुरुस्त करण्याचं दुकान चालवतात. संपली गोष्ट. रोज कुणीतरी मोडकी छत्री घेऊन येतं, त्या दुरुस्त करतात, ते माणूस घेऊन जातं. बाहेर पाऊस पडत असतो. चोवीसच्या चोवीस भाग पाऊस! ज्या लातूरला एके वर्षी प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, तिथं बसून मी तो फुकटचा पाऊस बघत होते आणि खाली नळाला पाणी आल्याची हाक येतेय का, याकडे माझा दुसरा कान होता.

पहिल्या दिवशीच मी वहीत लिहिलं, 'पाल्हाळ.' मुलांच्या निबंधावर मी हाच शेरा देते. सहाव्या भागात त्या दोघी एका छत्रीला कोणत्या रंगाच्या दोऱ्यानं टाके घालायचे यावर विचार करतात. अख्खा भाग. चहा करतात, खिडकीतून बघतात, दोऱ्याची रिळं उन्हात, म्हणजे ऊन नसतंच, उजेडात धरतात आणि शेवटी काळा दोरा घेतात. छत्री काळीच होती! मी लाल पेन आपटलं. "अगं, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मग पुढं काय?"

"पुढं पुढचा भाग," ती म्हणाली.

माझी पद्धत अशी की गोष्टीत सरळ माणूस आला की तो शेवटी काय दिवे लावणार याची मी वाट बघते. मी संशयितांची यादी केली. या मुलींचे आईबाप कुठं आहेत? म्हातारा मध्येच बोलायचं का थांबतो? आणि तिसऱ्या भागात एक उंच माणूस निळी छत्री टाकून गेला होता, त्याचं काय? त्या छत्रीची एकच काडी मोडली होती. ती काडी बसवायला या बायांनी सहा भाग घेतले आणि बसवल्यावर तो न्यायलाच आला नाही. छत्री आपली खुंटीवर. मी म्हटलं, "हा माणूस लबाड आहे. छत्रीत काहीतरी लपवलंय त्यानं." मुलगी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तो अगदी शेवटच्या भागात येतो, छत्री घेतो, वाकून आभार मानतो आणि जातो. हे आम्ही नंतर नांदेडला बघितलं. माझा संशय अजून गेलेला नाही.

चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. "यात कुणाचं काही अडलेलंच नाही," मी म्हटलं. "दुकान बुडत नाही, कुणी आजारी पडत नाही, कुणाची परीक्षा नाही. छत्री नीट झाली काय आणि नाही झाली काय, कुणाचं काय बिघडतं? मग माणसानं बघायचं कशासाठी?"

"म्हणून तर," ती म्हणाली.

"म्हणून तर काय?"

"काही नाही, आई."

थोड्या वेळानं मोबाईलवरची नजर न काढता तिनंच विचारलं, "तू सारखी वाट कशाची बघत असतेस?"

"काहीतरी होण्याची."

"आणि झालंच नाही तर?"

"तर मला जास्तच संशय येतो," मी म्हटलं. "जिथं वरून काही होत नाही, तिथं खाली काहीतरी चाललेलं असतं. हे मला कुणी शिकवायची गरज नाही." आणि मग मी तिला गोष्टीला गती कशी असावी, संकट कुठं यावं, वाचकाचा जीव कशात अडकला पाहिजे, हे सगळं नीट समजावून सांगितलं. वर्गात सांगते तसंच. ती "हो, आई" म्हणाली. मला समाधान वाटलं.

सहाव्या दिवशी दुपारी मी सुशीला केला होता, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे मुरमुरे. कूलर घरघरत होता. दोघींच्या मध्ये एकच ताटली, मोबाईल तिच्या हातात, सतरावा भाग. धाकटी बहीण थोरलीला विचारत होती की उद्या कोबी आणायचा की मुळा. मी वहीत 'कोबी / मुळा' असं लिहीत होते. धाकटी वाक्याच्या मध्येच थांबली.

पुढं कुणी बोललं नाही. गाणं नाही, काही नाही, पावसाचाही आवाज नाही. थोरलीनं टेबलावर तळहात टेकवला. म्हाताऱ्यानं मान वर करून दिव्याच्या दोरीकडे बघितलं. आणि भिंतीवरच्या सगळ्या छत्र्या, ती निळीसुद्धा, खुंटीवर एकदम हळूहळू डोलायला लागल्या.

पुढचं मी केलं असं मला म्हणता येणार नाही, ते झालं. मुलीचं मनगट माझ्या हातात होतं, ताटली उडाली होती, आणि मी तिला ओढत जिन्यावरून खाली धावत होते, अनवाणी, "बाहेर! बाहेर या सगळ्या!" असं ओरडत. खालच्या मजल्यावरच्या पोरी पुस्तकं हातात तशीच घेऊन बाहेर आल्या. आणखी दोन आया आल्या, एकीच्या हातात लाटणं. मालकीणबाई पिठाचे हात घेऊन धावल्या. मिनिटभरात सगळं घर अंगणातल्या उन्हात उभं होतं आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती.

मालकीणबाई औसा तालुक्यातल्या, म्हणजे भूकंपाच्याच भागातल्या. त्यांनी एकच विचारलं, "हल्लं का?"

मी थांबले. वर बघितलं. विजेच्या तारा स्थिर होत्या, दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नव्हते. आणि माझ्या डाव्या कानात त्या दोघी बहिणी पुन्हा बोलायला लागल्या होत्या. वायर तशीच होती, एक टोक माझ्या कानात, एक तिच्या. मुलीनं हातातला मोबाईल सोडला नव्हता. पडद्यावर खाली अक्षरं पळत होती. म्हातारा म्हणाला की लहानच होता, आणि धाकटी म्हणाली, मग मुळाच आणते.

मला खोटं बोलता आलं असतं. तिथं इतक्या लोकांत लाज राखायला ते बरंही झालं असतं. पण प्रश्न तो होता. "न्हाई," मी म्हटलं. "मोबाईलमध्ये हल्लं."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग फ्रेशरच्या पोरी ज्या हसायला लागल्या, त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मालकीणबाई पिठाच्या हातांनीच डोळे पुसत म्हणाल्या, "आवो मॅडम, जपानातलं हल्लं आन् तुमी लातुरात पळून राहिल्या व्हय!" मीही हसले. आणि माझी मुलगी हसली. तिचं हसणं मी वर्षभरात विसरले होते, इतकं की तो आवाज कुणाचा म्हणून मी वळून बघितलं. ती पोट धरून हसत होती. हसता हसता ती खाली बसली, कपडे धुण्याच्या दगडावर, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते हसणं नव्हतं.

मालकीणबाईंनी हातानंच खूण करून सगळ्यांना आत घेतलं. अंगणात आम्ही दोघीच उरलो.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. 'काय झालं?' हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. त्याचं उत्तर मला पाठ होतं. ते मी गिळलं. मग मी तिला तो एकच प्रश्न विचारला, ज्याला आमच्या घरात सोय चालत नाही.

"हल्लं का?"

ती क्षणभर गप्प राहिली, तिला शिकवलं होतं तशी. मग म्हणाली, "हाव."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. बारीक बारीक."

"रोज?"

"रोज." तिनं नाक पुसलं. "आधी आधी वाटायचं, उठावं आणि पळत बाहेर जावं. पुस्तक उघडलं की छातीत काहीतरी व्हायचं, आई. मग सवय झाली."

सवय झाली. पिठात परत हात घालणाऱ्या बाया मला दिसल्या. वर्षभर मी त्याच खोलीत, तिच्यापासून दोन हातांवर झोपत होते. रिफिलमधली शाई मोजत होते, कार्टूनमधल्या म्हाताऱ्यावर संशय घेत होते, एका निळ्या छत्रीच्या मालकाला चोर ठरवत होते. आणि मला काहीच कळलं नव्हतं, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही. कळलं होतं. तिच्या ताटातली पोळी अर्धी परत यायला लागली, तेव्हा कळलं होतं. ती झोपेत दात खायला लागली, तेव्हा कळलं होतं. माझ्या मांडीला ते स्पष्ट जाणवलं होतं. तिचे वडील दर रविवारी फोनवर विचारायचे, "सगळं ठीक आहे ना तिकडं?" आणि मी दर रविवारी म्हणायचे, "ठीक आहे. तुमचं आपलं उगंच." डाव रंगात आला होता.

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. तिनंच मला धरलं. आम्ही किती वेळ तशा बसलो ते सांगता येणार नाही, दगड आधी तापलेला होता आणि नंतर त्यावर सावली आली होती.

मालकीणबाई पुन्हा बाहेर आल्या. "मॅडम, काय करून राहिल्यात बाहेर? चला की आत. कायबी हल्लं न्हाई म्हन्लात ना तुमी?"

"मघाशी न्हाई म्हटलं," मी म्हणाले. "आता हाव."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं. आमच्या भागातल्या बाईला यापुढं विचारावं लागत नाही. त्या आत गेल्या, बाज ओढत बाहेर आणली, कडुलिंबाखाली टाकली, त्यावर वाकळ अंथरली आणि पाण्याचा तांब्या उशाला ठेवला. हल्लं की बाहेर यायचं, आणि बाहेर आलं की घाईनं आत जायचं नाही. हा नियम मी केलेला नाही, तो सगळ्या गावाचा आहे. मुलगी त्या बाजेवर झोपली. दुपारची, भर उजेडात, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

मी तिथूनच नांदेडला फोन लावला. यजमानांनी सवयीनं विचारलं, "ठीक आहे ना सगळं?" मी म्हटलं, "न्हाई." ते म्हणाले की लगेच निघतो, अहमदपूरपर्यंत जी मिळेल ती गाडी धरतो.

आमच्या चपला वरच राहिल्या होत्या. संध्याकाळी मालकीणबाई त्या आणायला स्वतः जिना चढल्या. वर गेल्यावर त्यांना कोनाड्यातला फॉर्म दिसला, तो कामाचा कागद असेल म्हणून त्यांनी तोही सोबत आणला. एका हातात दोघींच्या चपला, एका हातात फॉर्म, अशा त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

मी चपला घेतल्या.